दशांशाचे सुट्टे

"मॅडम, एक दशांश म्हणजे किती हो?"

बक्षीस समारंभ उरकला होता. पोरं खुर्च्या एकात एक घालून भिंतीकडे ढकलत होती आणि हॉलच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की साधं बोलायचं तरी ओरडावं लागत होतं. मी टेबलाशी बसून मानधनाच्या व्हाउचरवर सही करत होते. मान वर केली तर समोर एक आजोबा. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, पँट घोट्याच्या वर दुमडलेली. मागे त्यांची नात, बारा-तेरा वर्षांची, पाठीवर सॅक आणि कोपरापर्यंत पांढरी पावडर. अनइव्हन बारवर, म्हणजे एक खालचा आणि एक वरचा अशा दोन आडव्या बारच्या साधनावर, चौथी आली होती. तिसरीत आणि हिच्यात ०.०५ चा फरक. भिंतीवर चिकटवलेल्या निकालाच्या कागदाचा आजोबांनी मोबाइलवर फोटो काढून आणला होता आणि त्या आकड्यावर बोट ठेवून ते उभे होते.

मी वर्गातल्यासारखं समजावायला घेतलं. कसरत किती अवघड आहे त्याचे गुण वेगळे, ती किती सफाईने केली त्याचे वेगळे. सफाईचे दहापैकी. गुडघा जरा वाकला, पाय सुटले, पंजे ताणले नाहीत की एकेक दशांश वजा. चूक मोठी असेल तर तीन, पाच. पडलं तर अख्खा एक गुण. सफाईवर आम्ही दोघी पंच होतो, दोघींची सरासरी काढायची. आजोबांनी सगळं शांतपणे ऐकलं. "म्हणजे तुमच्यापैकी एकीने दहा पैसे कापले," ते म्हणाले, "ते दोघींत वाटले गेले. झाले पाच पैसे." मी म्हटलं, हो, तसंच. ते जरासे हसले. "मी एसटीत कंडक्टर होतो. एकदा पाच पैशांचा हिशेब लागेना म्हणून रात्री अकरापर्यंत डेपोत वे-बिल घेऊन बसलोय. साहेब म्हणाले, खिशातले टाका आणि घरी जा. मी म्हटलं, त्यानं पैसे जुळतील साहेब, हिशेब नाही जुळणार." मग छत्री उघडता उघडता म्हणाले, "तक्रार नाही हं मॅडम. नुसतं विचारलं."

तक्रार केली असती तर बरं झालं असतं. तक्रारीला अर्ज असतो, उत्तर असतं, नियमावलीचं पान दाखवता येतं. नुसतं विचारलेल्याचं काय करायचं? कारण तो दशांश माझा होता. वरच्या बारवर झोका घेऊन ती हँडस्टँडमध्ये गेली, तेव्हाचा. शरीर उभ्या रेषेच्या दहा अंशांच्या आत आलं तर काही कापायचं नाही, त्यापलीकडे राहिलं की एक दशांश. ती दहाच्या अलीकडे होती की पलीकडे? माझी पेन्सिल कागदावर टेकली, उचलली, परत टेकली. तेवढ्यात पोरगी पुढच्या झोक्यात निघूनही गेली होती. पेन्सिल टेकलेली होती म्हणून दशांश गेला, एवढंच मला आता छातीवर हात ठेवून सांगता येईल.

त्या रात्री झोप येईना. अशा वेळी मी जे करते तेच केलं, फोनवर जुन्या स्पर्धा काढून बसले. आणि बोट आपसूक गेलं ते रिओ ऑलिंपिकच्या बार फायनलवर. रिओ आणि १४ ऑगस्ट २०१६ म्हटलं की आपल्याकडे एकच गोष्ट आठवते. दीपा कर्माकर, तिची ती 'प्रोदुनोव्हा' नावाची व्हॉल्टवरची उडी, रात्री सव्वाअकराला टीव्हीला डोळे लावून बसलेला देश. एरवी जिम्नॅस्टिक्स म्हणजे सर्कस की काय असं विचारणारी माणसंसुद्धा त्या रात्री 'लँडिंग, लँडिंग' करत होती. ती उतरली, पार खाली बसल्यागत झाली, तरी उभी राहिली. १५.०६६. कांस्यपदकाला १५.२१६. चौथी. आमच्या सोसायटीत समोरच्या विंगमधले दिवे एकेक करून मालवले गेले. मी मात्र टीव्ही चालूच ठेवला. सकाळी झेंडावंदनाला शाळेत जायचं होतं, साडी इस्त्री करून खुर्चीवर घालून ठेवली होती, आणि मी बारची फायनल बघत होते. आपल्याकडे पंधरा ऑगस्ट लागला होता, तिकडे अजून चौदाच होती.

त्या फायनलमध्ये जर्मनीच्या दोघी होत्या. सोफी शेडर आणि एलिझाबेथ झाइट्स. सुवर्ण मुस्ताफिनाला, रौप्य मॅडिसन कोशनला, हे आता कुणालाही विचारलं तर सांगेल. माझ्या मनात राहिल्या त्या पुढच्या दोन ओळी. शेडर १५.५६६. झाइट्स १५.५३३. नावापुढे झेंडा तोच. म्हणजे एकाच दिवशी, एकाच हॉलमध्ये, दोन चौथ्या. एकीसाठी अख्खा देश हळहळला. दुसरीच्या देशाला त्याच जागी पदक मिळालं, मग हळहळायचं कुणी आणि कुणासाठी? चौथी आलेलीला जिंकणारीचा राग राग करायचीसुद्धा सोय नाही. घरी परत जायचं विमान एकच, उद्याचा सराव एकत्र.

आता ते ०.०३३ बघा. पंचाचं काम करणारीला तो आकडा साधा दिसत नाही. अवघडतेचे गुण दशांशात मोजतात. सफाईसाठी त्या वेळी पाच पंच असत. त्यांतला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा गुण बाजूला काढायचा, उरलेल्या तिघांची सरासरी. म्हणजे एका पंचाचा एक दशांश तिघांत वाटला गेला की राहतात ०.०३३. दोन खेळाडूंच्या गुणांत याहून लहान फरक पडूच शकत नाही. याच्या खालचं नाणं टांकसाळीतून निघतच नाही. पाचांतल्या एका खुर्चीवर, एका क्षणी, कुणाची तरी पेन्सिल टेकली किंवा उचलली गेली, एवढ्याचा तो फरक. बरं, ज्या पंचाने हात आखडता घेतला तिचा गुण कदाचित बाजूला काढलेल्यांतही गेला असेल. तेही कळायला मार्ग नाही. मोठ्या स्पर्धांत निदान बाजूला काढायला गुण असतात. आमच्या जिल्ह्यात दोनच पंच, बाजूला काढायचं तर आम्हालाच काढावं लागेल.

आजोबांच्या भाषेत, तीन पैसे आणि वर खुर्दा.

झाइट्सचं मला कौतुक त्याच्या आधीपासूनच होतं. १९९३ ची, हायडलबर्गची. आधी मानहाइमला सराव करायची, पुढे श्टुटगार्टला गेली. २०११ मध्ये बर्लिनच्या युरोपीय स्पर्धेत सर्वांगीण प्रकारात, म्हणजे सगळ्या साधनांचे गुण एकत्र धरून, रौप्य मिळवलं तेव्हा सतरा वर्षांची होती. तिच्या नावाची कसरत आहे, 'झाइट्स'. खालच्या बारला पायांचे तळवे टेकवून, अंग घडी घालून मागून पूर्ण फेरी मारायची. वर येतानाच बार सोडायचा. हवेत स्वतःभोवती एक आख्खं वळण घ्यायचं आणि वरचा बार धरायचा. लिहायला चार वाक्यं लागली, ती करते तेव्हा श्वास घ्यायलाही वेळ मिळत नाही. खालचा बार जमिनीपासून १ मीटर ७० सेंटिमीटरवर, वरचा अडीच मीटरवर. त्या मधल्या पोकळीत ती एक क्षण कशालाच धरून नसते. मग हात बसतात आणि बार 'धडंग' असा वाजतो. टीव्हीवर निवेदक बोलत असतात म्हणून तो आवाज नीट ऐकू येत नाही. हॉलमध्ये बसलात तर पोटात ऐकू येतो.

मला तो आवाज माहीत आहे, पण लोखंडाचा. आमच्या गावात शाळेमागच्या मैदानावर सिंगल बार होता, पाण्याच्या पाइपाचा. उन्हाळ्यात दुपारी हात लावला की चटका, पावसाळ्यात गंजाचा वास तळव्याला दोन दिवस. मॅग्नेशियमची पावडर वगैरे पुढे जिल्ह्याला गेल्यावर पाहिली. आम्ही चुलीतली राख चाळून चोळायचो. पहिले फोड आले की शेखी मिरवायची, दुसऱ्या खेपेचे फुटले की रडायचं. आई रात्री तुपात हळद कालवून लावायची आणि लावता लावता बोलायची, हे काय मुलीचे हात आहेत का, उद्या भाकरी थापशील तेव्हा काय करशील. भाकऱ्या मला आजही येत नाहीत, त्यात बारचा काही दोष नाही. सर मात्र म्हणायचे, हाताला घट्टे पडले की बार तुझा झाला. ते खोटं होतं. बार कुणाचा होत नाही, हे मला वयाच्या चाळिशीत, दुसऱ्यांच्या मुलींना त्याच्यावर लटकताना बघून कळलं.

मी सोडलं ते हातांमुळे नाही. कपड्यांमुळे. नववीत विभागीय स्पर्धेला निवड झाली आणि सरांनी सांगितलं, आता पोशाख पाहिजे. तोवर आम्ही सलवारीचे पाय रबराने आवळून करायचो. पोशाख म्हणजे लिओटार्ड, म्हणजे मांडीपासून खाली सगळे पाय उघडे. आईने तो हातात धरून उजेडात पाहिला, काही न बोलता घडी घातली आणि कपाटात ठेवून दिला. मग तिनेच मावशीच्या मशीनवर काळ्या कापडाची तंग विजार शिवून दिली. ती घालून मी सराव केला, पण विभागाला तसं चालणार नाही असं कुणीतरी सरांना सांगितलं. नियमात खरोखर काय होतं ते ना सरांनी वाचलं, ना त्या सांगणाऱ्याने. मी गेले नाही. पुढच्या वर्षी दहावी होती, मग तर कुणी विचारलंच नाही.

म्हणून एप्रिल २०२१ मध्ये बाझलच्या युरोपीय स्पर्धेचे फोटो आले तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये फोन हातात धरून किती वेळ बसले होते कोण जाणे. जर्मनीची झारा फॉस घोट्यापर्यंत पाय झाकणारा पोशाख घालून उतरली होती. सर्वांगीण फायनलमध्ये झाइट्स आणि किम बुईने तोच कित्ता गिरवला. आणि जुलैत टोकियोला तर चौघीही, फॉस, झाइट्स, बुई आणि पाउलीन शेफर-बेट्झ, लाल-पांढऱ्या पूर्ण पोशाखात. त्यांचं म्हणणं स्वच्छ होतं. मुलींच्या अंगाकडे ज्या नजरेने पाहिलं जातं ते आम्हाला खटकतं, आणि काय घालायचं ते जिचं तिने ठरवावं. नवा नियम करावाच लागला नाही. पाय झाकायला मुभा होतीच, तोवर ती बहुतेक धार्मिक कारणासाठी वापरली जायची, इतकंच. मुभा होतीच! त्या शब्दाशी मी अडखळले. माझ्या वेळी काय होतं ते मी आजतागायत शोधलेलं नाही. शोधलं आणि तेव्हाही होती असं निघालं तर मला ते नको आहे. गंमत म्हणजे माझ्या आईला फोटो दाखवला तर ती म्हणाली, "शिलाई चांगली आहे गं. पण गुडघ्याला ताण पडत असेल." बाकी काही नाही.

कौतुक करता करता गप्प व्हावं असंही पुष्कळ आहे. टोकियोनंतर वर्षभराने म्युनिकला किम बुईने खेळ थांबवला, तेहेतीस वर्षांची असताना, आणि मग आत्मचरित्रात लिहिलं की ती वर्षानुवर्षं बुलिमियाशी झगडत होती. खायचं आणि ओकून टाकायचं. २०२४ संपता संपता ताबेआ आल्टने श्टुटगार्टच्या प्रशिक्षणाबद्दल लिहिलं. ही २०१७ च्या जागतिक स्पर्धेत बीमवर, म्हणजे तोल सांभाळायच्या अरुंद तुळईवर, कांस्य मिळवलेली मुलगी. हाडं मोडलेली असताना खेळणं, अपमान, धाक. मग इतरही बोलत्या झाल्या, चौकशा लागल्या. त्याआधी केम्निट्झच्या प्रशिक्षण केंद्रातूनही अशाच गोष्टी बाहेर आल्या होत्या आणि त्यांत पाउलीन शेफरही बोलणाऱ्यांत होती. मी हे सगळं वाचलं आणि माझ्या पहिल्या मनात काय आलं ते लिहितेच. मनात आलं, एवढं तर आमच्याकडेही होतं. स्प्लिट बसत नसेल तर सर खांद्यावर भार देऊन बसायचे, आम्ही ओठ चावून रडायचो, आणि नंतर बसला की आम्हीच हसायचो. हे मनात आलं आणि मग लक्षात आलं की मी ते बचावासारखं म्हणते आहे. कुणाच्या बचावाचं? सर तर गेले. मीही सुरुवातीची दोन-तीन वर्षं मुलींच्या मांड्यांवर तळहात टेकवून दाबलेलं आहे. हळूच, पण दाबलेलं आहे. आता नाही करत. तरी हँडस्टँडमध्ये एखादी पोर सरळ रेषेत थरथरत उभी राहिली की आनंद होतो तो होतोच, आणि ती रेष कुठून आली ते त्या क्षणी मी विचारत नाही.

पण झाइट्स. ०.०३३ नंतर तिचं काय झालं, हे मला सांगायचं होतं.

एखादीने सोडलं असतं. लंडन ऑलिंपिकला बारवर सहावी, रिओला चौथी, वय बावीस. आपल्याकडच्या हिशेबाने 'खूप झालं' म्हणायला अगदी योग्य मुक्काम. शिक्षिका व्हायचा अभ्यासही चालू होता. ती थांबली नाही. २०१८ ला दोहा, पंचविसावा वाढदिवस दोन दिवसांवर, आणि बारवर जागतिक स्पर्धेतलं कांस्य. नीना डेरवाल पहिली, सिमोन बाइल्स दुसरी, झाइट्स तिसरी. टोकियोला पुन्हा बारची फायनल. लागोपाठ तीन ऑलिंपिकमध्ये एकाच साधनावर शेवटच्या आठांत येणं ही काय चीज आहे ते कसं सांगू? त्या नऊ वर्षांत गुणांचे नियम बदलतात, आज ज्या कसरतीला मोल आहे तिचं उद्या उतरतं, हाताची कातडी कितीदा सोलून निघून परत येते, आणि समोर दरवेळी नव्या सोळा वर्षांच्या मुली येतात ज्यांना तुमच्या आधीच्या फायनली आठवतसुद्धा नाहीत.

मग म्युनिक. २०२२ ची युरोपीय स्पर्धा, ऑलिंपियाहालेमध्ये. त्या छताची एक गोष्ट आहे. १९७२ च्या ऑलिंपिकला याच हॉलमध्ये सोव्हिएत संघाच्या ओल्गा कोर्बुतला बारवर दहापैकी ९.८ दिले आणि प्रेक्षक असे खवळले की शिट्ट्या आणि आरडाओरडा थांबेचना. सुवर्ण मिळालं पूर्व जर्मनीच्या कारिन यांझला. लोकांना कोर्बुत आठवते, यांझ आठवत नाही. ती पुढे अस्थिरोगतज्ज्ञ झाली आणि मणक्यात बसवायची कृत्रिम चकती तयार करण्यात तिचा हात होता. बारवर पाठ मोडून घेणाऱ्यांतली एक उठते आणि पाठीचा सुटा भाग बनवते, हे मला सुवर्णपदकाहून मोठं वाटतं, पण ते असो. तर त्याच छताखाली आदल्या दिवशी जर्मनीच्या मुलींनी सांघिक कांस्य घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी बारची फायनल आणि झाइट्स युरोपची विजेती. घरच्या लोकांसमोर, अठ्ठाविसाव्या वर्षी. तारीख होती १४ ऑगस्ट. रिओला बरोबर सहा वर्षं. हा योगायोग कुणी मुद्दाम दाखवला नाही, मला आपली तारीख पाठ होती म्हणून कळलं. मी स्वयंपाकघरात उभी राहून फोनवर बघत होते, कुकरची तिसरी शिट्टी कधी झाली ते समजलंच नाही. तीन पैसे व्याजासकट परत मिळाले, असं काहीतरी मी मोठ्याने म्हटल्याचं आठवतं. घरात कुणी नव्हतं.

इथे थांबवता आलं असतं तर गोष्ट छान झाली असती. पण सप्टेंबर २०२३ मध्ये, अँटवर्पची जागतिक स्पर्धा तोंडावर आलेली, आणि सरावात तिचा टाचेमागचा स्नायुबंध तुटला. अकिलीस. ज्यांचा तो तुटलाय ते सांगतात की मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटतं आणि वळून बघावं तर कुणी नसतं. संघाला पॅरिसचं सांघिक तिकीट मिळालं नाही. तिशीतल्या बाईने टाच शिवून घेतली आणि नऊ महिन्यांत पुन्हा बारवर उभी राहिली. जून २०२४ मध्ये र्‍युसेल्सहाइमला पात्रता स्पर्धा झाली, आणि ज्या एका जागेसाठी ती झगडत होती ती हेलेन केव्हरिकला गेली. केव्हरिक सोळा वर्षांची. तीही श्टुटगार्टचीच, झाइट्सच्याच क्लबची. रिओसारखंच पुन्हा, समोर परकं कुणी नाहीच. पुढे इतर मुलींनाही दुखापतींनी गाठलं आणि पॅरिसला जर्मनीच्या बायकांतून ती सोळा वर्षांची पोर एकटीच उतरली.

मी त्या पात्रतेचे गुण शोधले नाहीत. पंच असून नाही शोधले. किती दशांशांनी, हा प्रश्न त्या वेळी मला अश्लील वाटला. आता आजोबांनी तोच प्रश्न माझ्या टेबलावर आणून ठेवला होता, आणि त्यांच्या तोंडी तो अजिबात तसा वाटला नव्हता. त्यांना पदक नको होतं. त्यांना ते नाणं बघायचं होतं, हातात धरून, पुढून मागून.

दोन आठवड्यांनी रविवारी ते जिल्हा क्रीडा संकुलात दिसले. मी रविवारी तिथे सराव घेते, कुणीही यावं. नात शिष्यवृत्तीच्या क्लासवरून परस्पर आली होती, सॅक तशीच पाठीवर. आजोबांनी कोपऱ्यात गादीवर बैठक मारली, पिशवीतून पाण्याची बाटली आणि पार्ले-जीचा पुडा काढला. मुलीने ग्रिप चढवल्या, हातावर फुंकर मारली आणि बारकडे गेली. मी मुद्दाम तिचे हँडस्टँड बघितले. पंचाच्या टेबलावरून दिसतात तसे नाही, अगदी बारच्या बुडाशी उभं राहून. तिथून मुलीचा चेहरा उलटा दिसतो, आणि रेष दिसतच नाही. चार वेळा केले तिने. दोन चांगले होते. उरलेले दोन मला खरंच सांगता येणार नाहीत.

मधल्या सुट्टीत मी फोन काढला आणि तिला म्युनिकची फायनल दाखवली. माझ्या फोनची काच एका कोपऱ्यातून तडकलेली आहे, ती रेघ नेमकी वरच्या बारवरून जाते. "ही चौथी आली होती," मी म्हटलं, "ऑलिंपिकला. हिच्या आधी." ती म्हणाली, "हं." तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. "हिचे हात फुटत नाहीत का मॅडम?" फुटतात, मी म्हटलं. मग झाइट्स हँडस्टँडमध्ये गेली आणि पोरीने पटकन बोट टेकवून चित्र थांबवलं. बाई उलटी, हवेत, बारवर.

"इथं कापला असेल?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "मी तिथे नव्हते ना."

ती थोडा वेळ बघत राहिली. मग सॅक ओढून घेतली, कंपासपेटी उघडली आणि आतून प्लॅस्टिकचा कोनमापक काढला. शून्याची रेघ बारवर लावली, मधली खूण झाइट्सच्या मुठीवर. आजोबांनी चष्मा चढवला आणि गुडघ्यांवर सरकत जवळ आले. "किती?" त्यांनी विचारलं.

"नऊ," ती म्हणाली. मग कोनमापक जरासा हलवला. "नाहीतर अकरा. काच फुटलीये आजोबा, नीट लागत नाहीये."